केकच्या झाकणातले आठ व्हॉल्व्ह

निर्णय आधीच झाला होता, फक्त जेवण व्हायचं बाकी होतं. या घराची रीतच तशी. मटण रांधायचं, डोळे मिटून प्रार्थना करायची, एकमेकांच्या ताटात वाढायचं आणि हात धुतले की माणूस कापायला घ्यायचा.

धाकटा हर्षल, पुण्यात मॅनेजर, सकाळी तिथून आला तो थेट उपासनेला. नाताळ तोंडावर, चर्च भरलेलं. बाहेर पायऱ्यांवर उभं राहून त्यानं दिसेल त्याच्याशी हात मिळवले आणि सांगून टाकलं, "आईला न्यायला आलोय." स्टीफनला ते कळलं ते तिसऱ्याच माणसाकडून. ज्या थोरल्या भावाच्या घरातून आई न्यायची, त्याला सोडून सगळ्या ख्रिस्ती गल्लीला बातमी होती.

स्टीफन तडक निघाला. घरी आला, चांगला शर्ट काढला, बनियनवर इंजिनापाशी जाऊन उभा राहिला.

लोकांच्या घरात जिथं सोफा असतो तिथं या घरात इंजिन होतं. स्वतः वेल्डिंग करून बनवलेल्या लोखंडी घोडीवर बसवलेलं. गाडी बाहेर अंगणात ताडपत्रीखाली, बॉनेट उघडं, आत पोकळी. डुक्कर फियाट. नाक पुढं आलेलं, म्हणून सगळं नगर तिला तेच म्हणायचं. मिशनच्या दवाखान्यातल्या अमेरिकन डॉक्टर मिसबाईची ती गाडी आणि स्टीफनचा बाप दानीएल तिचा ड्रायव्हर. मिसबाई कायमची मायदेशी गेली तेव्हा किल्ली दानीएलच्या हातात ठेवून गेली. तो होता तोवर गाडी चालली. मग इंजिन जाम झालं, मग दानीएल गेला, आणि पुढं कितीतरी वर्षं कोंबड्या तिच्यात अंडी घालत राहिल्या.

स्टीफन फिटर होता ती नागापूरची कंपनी बंद पडली, तेव्हा त्यानं गाडी उघडली. जुन्या सोबत्यांना धरून ब्लॉकचं बोरिंग करून घेतलं. क्रँक, रिंगा, पिस्टन, सगळं एकेक करून जमवलं. ब्लॉक घासून, पुसून मूळच्या रंगात रंगवला. इंजिनावर चढणारं ॲल्युमिनियमचं हेड इतकं चमकवलं की त्यात बघून दाढी करावी. नाताळच्या उपासनेला आईला याच गाडीतून न्यायचं, हे तो गेल्या नाताळपासून बोलत होता.

हेड मात्र अजून इंजिनावर चढलं नव्हतं. ते बुटक्या टेबलावर उलटं ठेवलेलं होतं. त्याच्यासमोर आई, मरियम, बसलेली.

*

मधली बहीण सत्यशीला राहुरीहून एसटीनं आली. शाळेत मुख्याध्यापिका आहे, त्यामुळे घरात शिरतानाही ती तपासणीला आल्यासारखीच शिरते. पण आज ती स्टीफनच्या बाजूनं आली होती. आई इथंच राहिली पाहिजे, हर्षलच्या फ्लॅटमध्ये ती आठवड्यात संपेल, असं ती वाटेत मनाशी घोकत आली होती. कुठं काय ठणकावून सांगायचं तेसुद्धा ठरवलेलं.

मरियमच्या दोन्ही तळव्यांमध्ये एक लाकडी दांडी होती. दांडीच्या टोकाला रबराची वाटी, वाटीला चिकटलेला व्हॉल्व्ह. छत्रीच्या आकाराचा लोखंडी तुकडा. गोल चकती आणि लांब दांडा. चकतीच्या कडेला करकरीत पेस्ट लावून तो हेडमधल्या आपल्या जागेत बसवायचा आणि दांडी तळव्यांत फिरवायची, रवीनं ताक घुसळतात तशी. खर्र, खर्र. उचलायचा, थोडा वळवायचा, परत खर्र. चकती आणि तिची जागा एकमेकींना घासून घासून एक होईपर्यंत.

लग्न होऊन आली तेव्हा हे काम तिला दानीएलनं शिकवलं. मिशन कंपाउंडमध्ये तो हेड उतरवायचा आणि नव्या नवरीच्या हातात दांडी द्यायचा. म्हणायचा, ताक कर समज. ती इतकं एकसारखं फिरवायची की पुढं दुसऱ्या कुणाला तो हात लावू देईना. आता तिला सकाळी काय खाल्लं आठवत नव्हतं. लेकरांची नावं जात येत होती. हे तेवढं हातात राहिलं होतं.

"आई, मी आले. सत्यशीला."

"बस. बोलू नको. हात चुकंल."

"ओळखलंस का?"

मरियमनं मान वर केली. नीट बघितलं. "दवाखान्यातली नवीन नर्स ना? मिसबाईला म्हणावं, व्हत आलंय. दानीएलला उद्या नेवाशाला जायचंय कॅम्पला. गाडी उघडी पडलीय अन् तू गप्पा मारायला आलीस."

शेजारी केकच्या खोक्याचं झाकण होतं. जाड पुठ्ठ्याचं. त्याला आठ भोकं पाडलेली, प्रत्येक भोकापाशी पेनानं आकडा. ज्या जागेतला व्हॉल्व्ह त्याच आकड्याच्या भोकात. एका जागेतला दुसऱ्या जागेत चालत नाही. झाकण तेलानं काळंमिट्ट झालं होतं.

सत्यशीलानं आईचा हात हातात घेतला आणि तिची घोकंपट्टी तिथंच संपली. तळव्याला भेगा पडल्या होत्या. भेगांत राखाडी पेस्ट बसली होती, नखांच्या कडा काळ्या. म्हातारी कसली, गॅरेजमधलं पोरगं.

"दादा! काय करून ठेवलंय हे आईचं?"

"काय झालं?" स्टीफन कापडानं ब्लॉक पुसत होता. त्याला पुसायची गरज नव्हती.

"चौऱ्याऐंशी वर्षांची बाई आहे ही! हात बघ तिचे!"

"रोज खोबरेल लावती आराधना."

"तुझी पोरगी लावते. तू काय लावतोस?"

स्टीफननं कापड खांद्यावर टाकलं. "तू आज माझ्या बाजूनं बोलणार व्हतीस, सकाळी म्हणलीस. फोनवर."

"फोनवर मला हात दिसत नव्हते."

मरियमनं हात सोडवून घेतला. खर्र, खर्र.

*

जेवायला बसल्यावर प्रार्थना हर्षलनं केली. धाकटा असून त्यानं केली, आणि लांबवली. आजारी लोक, प्रवासातले लोक, देशाचे अधिकारी, सगळे त्यात आले. शेवटी तो "आणि हे प्रभू, आम्हाला योग्य निर्णय घ्यायला..." इथपर्यंत आला तेव्हा मरियम मोठ्यानं म्हणाली, "आमेन," आणि भाकरी मोडून रश्श्यात बुडवली.

आराधनाला हसू आवरलं नाही. स्टीफनलाही. तेवढ्यापुरतं हे घर होतं.

"घ्या," स्टीफन म्हणाला, "झाला निर्णय."

"दादा, चेष्टा नको." हर्षलनं ताट पुढं ओढलं. "मी नीट विचार करून आलोय. माझी जया घरात असते. दिवसभराची बाई लावलीय. बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवून घेतल्यात. डॉक्टर खालीच आहे. इथं काय आहे?"

"हितं मी हाय."

"तू? पावसाळ्यात आई रस्त्यावर गेली होती. भरदुपारी, अनवाणी. पार दवाखान्याच्या जुन्या गेटपर्यंत. एका रिक्षावाल्यानं आणून सोडली. तेव्हा तू कुठं होतास?"

"आली का न्हाई परत?"

"हे उत्तर झालं?"

"तू वर्षातून दोनदा येतोस. एकदा नाताळचे डोनट खायला अन् एकदा मला शिकवायला. औंदा दोन्ही एकाच दिवशी उरकलंस."

हर्षलची कानशिलं तापली. हा माणूस असाच. बाबांनी पाने, हातोड्या, सगळी हत्यारपेटी याला दिली आणि हर्षलला म्हणाले, तू शीक. शिकणं म्हणजे या घरातून बाहेर काढणं असतं हे तेव्हा कळलं नाही. पण बाबांच्या हाताखाली व्हॉल्व्ह त्यानंही पुसले होते. भंडारदऱ्याच्या सहलीला घाटात गाडी उकळली तेव्हा ओढ्याचं पाणी डब्यानं त्यानंच आणलं होतं, दादा तर ओकत बसला होता. ते कुणाच्या लक्षात नाही. या घरात इंजिन म्हटलं की दादा आणि दादा म्हटलं की इंजिन.

"ताई, तू बोल ना," तो म्हणाला.

सत्यशीला ताटाकडे बघत होती. "मी सकाळी वेगळं बोलले असते. पण तिचे हात बघितले मी. मिस्त्रीकाम करून घेतोय हा तिच्याकडून."

"करून घेतो?" स्टीफनचा घास हातातच राहिला. "करून घेतो म्हणती! अगं, तिच्या हातातून दांडी काढून दाखव एकदा!"

"काढू की."

"काढ. बाईगिरी शाळंत चालती तुझी."

आराधना सगळ्यांना वाढत होती. तिचं ताट अजून वाढलेलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही. आजीच्या हनुवटीवरचा रस्सा तिनं पदरानं टिपला आणि परत भाकरीकडे वळली.

*

जेवणं झाल्यावर दोघं भाऊ अंगणात गेले. घरात एकमेकांचा गळा धरता येत नाही म्हणून. आराधनानं आजीला आतल्या खोलीत आडवं केलं.

सत्यशीलाला स्वस्थ बसवत नव्हतं. स्वच्छता हाच तिचा राग काढायचा मार्ग. तिनं पदर खोचला आणि बाहेरच्या खोलीला लागली. जमीन पुसली, टेबल पुसलं. मग तिच्या नजरेला ते झाकण पडलं. हे, हे आईच्या हातांना लागत होतं. तिनं आठही व्हॉल्व्ह उपसून पातेल्यात टाकले, झाकण चुरगाळून कचऱ्याच्या बादलीत कोंबलं. मोरीत बसून गरम पाणी आणि भांड्याच्या पावडरीनं एकेक व्हॉल्व्ह काथ्यानं घासला. कोपऱ्याकोपऱ्यातली काजळी गेली. चाळणीत ओळीनं नाही, असेच ओतले. चमच्यांसारखे लकाकत होते.

खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. आईसाठी इतक्या दिवसांत काहीतरी केलं असं वाटलं.

"आत्या," आराधना दारात उभी होती, "झाकण कुठंय?"

"ते घाण? टाकलं."

"त्यावर आकडे होते."

"कसले आकडे?"

आराधना बादलीपाशी गेली. झाकण वर काढलं. त्याच्यावर रस्सा आणि हाडकं सांडली होती, पुठ्ठ्याचा लगदा झाला होता. तिनं ते परत टाकलं. "काही नाही आत्या. तुम्हाला माहीत नव्हतं."

"परत घासता येतील की! त्यात काय एवढं?"

"येतील," आराधना म्हणाली. "आजी उठेपर्यंत घासता आले तर बघा."

मरियम उठलीच. आपली आपण, भिंतीला धरत बाहेर आली, टेबलापाशी बसली आणि डावा हात शेजारी नेला, जिथं झाकण असायचं तिथं. हात रिकाम्या टेबलावरून फिरला. परत फिरला.

"माझं झाकण?"

"आई, हे बघ, किती स्वच्छ झालेत." सत्यशीलानं चाळणी पुढं केली.

मरियमनं एक व्हॉल्व्ह उचलला. उलटा केला, सुलटा केला. हेडमध्ये पहिल्या जागी ठेवून बघितला. काढला. दुसऱ्या जागी ठेवला. काढला. दुसरा उचलला.

"कुठला कुठला हाय?" ती म्हणाली. "कुठला कुठला हाय गं?"

"आई, कुठलाही..."

"चोरटे!" मरियमनं सत्यशीलाच्या तोंडात मारली. म्हाताऱ्या, पण पेस्टनं खरखरीत झालेल्या हाताची. चाळणी खणखणत जमिनीवर गेली. "मिसबाईला सांगते! दानीएल घाटात अडकंल! लेकरं हायेत त्याच्यासंगं, सत्या हाय गाडीत माझी! गाडी बंद पडंल, तुला काय त्याचं!"

सत्यशीला गाल धरून उभी. आईच्या मनातली सत्या गाडीत बसली होती आणि मार खाणारी कुणी चोर होती.

भाऊ पळत आत आले. मरियम उभ्याउभ्या रडत होती, लहान पोर आवाज न करता रडतं तशी. तिच्या पायांशी ओलं पसरत गेलं. सगळ्यांनी बघितलं. मुख्याध्यापिकेनं बघितलं, मॅनेजरनं बघितलं, फिटरनं बघितलं. कुणाचा पाय हलला नाही.

फडकं आणलं आराधनानं. आजीच्या कमरेभोवती हात घातला, "चल, मिसबाई यायच्या आत लुगडं बदलू," म्हणाली आणि तिला आत घेऊन गेली. मग येऊन जमीनही तिनंच पुसली. सगळे पाय बाजूला घेत राहिले.

*

हर्षल जमिनीवरचे व्हॉल्व्ह गोळा करायला वाकला, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. एक हातात घेतला आणि सवयीनं चकतीच्या कडेवरून अंगठा फिरवला. थांबला. खिडकीपाशी नेला. दुसरा बघितला.

काजळी होती तोवर दिसलं नसतं. धुतल्यामुळं दिसलं. चकतीला जी जाड कड असायला हवी ती उरलीच नव्हती. घासून घासून पात्यासारखी झाली होती. त्यानं हेड उजेडात तिरपं केलं. आतल्या जागा खोल गेलेल्या, विहिरीसारख्या.

"दादा."

स्टीफननं बघितलं नाही.

"दादा, हे व्हॉल्व्ह कधीच बसले होते."

"गप."

"हे गेलेत. सगळेच गेलेत. हेडसुद्धा. बोरिंग केलंस, क्रँक केलास, एवढा आरशासारखा ब्लॉक केलास आणि इथं... तुला हे कळत नव्हतं असं मला सांगू नको. बाबांनंतर तुझ्याइतकं हे कुणाला कळत नाही."

स्टीफन इंजिनाच्या घोडीवर बूड टेकून बसला. बाहेर कुणीतरी चांदणीचा आकाशकंदील लावत होतं, शिडी धर रे, म्हणून ओरडत होतं.

"पावसाळ्यातच झालं व्हतं," तो म्हणाला. "पंधरा दिवसांत बसवले तिनं. काय बसवले! हेडमधी पेट्रोल ओतून ठेवलं, थेंब गळला न्हाई. मी म्हणलं, आई, झालं तुझं काम. तर म्हणली, मग आता मी काय करू?" तो थांबला. "दोन दिवस दारात उभी. जेवंना, बसंना. तिसऱ्या दिवशी गेली ना ती, अनवाणी. काम मागायला गेली व्हती दवाखान्यात. दवाखाना कुठाय आता? गेटला कुलूप. रिक्षावाल्यानं आणली. मग मी झाकण परत तिच्या म्होरं ठेवलं. पेस्टचा डबा उघडला. म्हणलं, आई, अजून जरा राहिलंय."

"आणि इंजिन?"

"इंजिन कुणाला पायजे व्हतं?" स्टीफन ओरडला. मग आवाज पडला. "मला पायजे व्हतं. पायजे व्हतं की. रोज तो आवाज ऐकायचो अन् मला कळायचं, आज किती गेलं."

हर्षल व्हॉल्व्ह मुठीत धरून उभा राहिला. सकाळपासून तो ज्या माणसाशी भांडत होता तो हा नव्हता. त्यानं सत्यशीलाकडे बघितलं.

"ताई, राहू दे तिला इथं."

"काय? मला मारलं तिनं! आणि तूच तर..."

"मी बोललो ते बोललो. माझ्याकडे दांड्या आहेत, डॉक्टर आहे. हे नाहीये माझ्याकडे."

सत्यशीलाचा गाल लाल होता. तिनं पदर सोडला, परत खोचला. "मी काही बोलतच नाही. तुम्हा दोघांचं एकदा ठरू द्या."

"ठरलं," स्टीफन उठला. त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. "आई कुठं जात न्हाई. मी सांभाळतो माझ्या आईला."

"कोण सांभाळतं, पप्पा?"

*

आराधनाच्या हातात आजीचं ओलं लुगडं होतं. ते ती बादलीत टाकणार होती. टाकलं नाही.

तिला वाटलं होतं आपण हे कधी बोलणार नाही. नागापूरच्या ऑफिसातली नोकरी सोडली तेव्हा बोलली नाही. श्रीरामपूरच्या स्थळाला पप्पांनी परस्पर 'पुढल्या वर्षी बघू' सांगितलं तेव्हा बोलली नाही. पण 'मी सांभाळतो' हे तिच्या कानात खर्रकन घासलं.

"कोण सांभाळतं?" ती परत म्हणाली. "तुम्ही व्हॉल्व्ह सांभाळता. आजीला मी सांभाळते. ती पहाटे तीनदा उठते. ती भिंतीला हात पुसते, तोंडात काय काय घालते. मला मारते, आत्यासारखंच. तुम्ही सकाळी उठून म्हणता, आईला झोप चांगली लागली. तुम्हाला लागलेली असते."

"आराधना, पाव्हण्यांसमोर..."

"पाहुणे कोण आहेत इथं? तुमची आई, त्यांची आई. तुम्ही तिघं. माझी आजी आहे फक्त."

"तुझी आई असती तर असं बोलली नसती," स्टीफन म्हणाला.

हे वाक्य त्यानं राखून ठेवलं होतं असं नाही, पण बाप लोकांना ते आयत्या वेळी सापडतं.

"आई असती तर आईनं केलं असतं," आराधना म्हणाली. "आणि बोललीही नसती. म्हणून तुम्हाला कधी कळलंच नसतं." तिचा आवाज चढला नव्हता. ओल्या लुगड्याचं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं. "काका, घेऊन जा तिला. आजच. उद्यावर टाकू नका, उद्या मलाच तिला सोडवणार नाही."

सत्यशीला भाचीकडे गेली, तिच्या हातातून लुगडं घ्यायला लागली. आराधनानं दिलं नाही. "आत्या, आता नको," म्हणाली.

स्टीफननं खाली बसून उरलेले व्हॉल्व्ह गोळा केले. ज्या भावाशी तो लढायला उभा होता तो हरून त्याच्या बाजूला आला होता, आणि ज्या पोरीला तो आपल्या बाजूची धरून चालला होता तिनंच दार उघडलं होतं.

*

उन्हं कलायच्या आत गाडी निघाली. मरियमला धुवट लुगडं नेसवलं, केस विंचरले, पिशवीत बायबल, चष्मा, औषधं. ती खूश होती. हर्षलच्या पांढऱ्या गाडीला हात लावून म्हणाली, "मिसबाईनं नवीन घेतली व्हय?"

"हो आजी."

"दानीएल कुठाय?"

"पुढं गेलेत," आराधना म्हणाली. "नेवाशाला."

"मग व्हॉल्व्ह झाले म्हणायचे."

"झाले."

"बरं झालं. माझ्यामुळं खोळंबा नको." तिनं नातीच्या तोंडावरून उजवा हात फिरवला. डावी मूठ पदराखाली होती. "पोरी, तू लई वाळलीस. खात जा."

आराधना तशीच उभी राहिली. आजीनं आज तिला ओळखलं होतं की नाही, हे तिला पुढं कधीच ठरवता येणार नव्हतं.

"दादा!" हर्षलनं हाक मारली. स्टीफन डुक्कर फियाटच्या उघड्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकला होता. आत काहीच नव्हतं. इंजिन घरात, हेड टेबलावर. तरी तो वाकून काहीतरी बघत होता. गाडी गल्लीच्या वळणाला गेली तरी तो सरळ झाला नाही. सत्यशीला त्याच गाडीतून स्टँडपर्यंत गेली. जाताना तिनं भावाच्या पाठीवर हात ठेवला होता, तो त्यानं झटकला नव्हता एवढंच.

दिवेलागणीला त्यानं व्हॉल्व्ह ताटलीत मांडले. सात भरले. त्यानं इंजिनाखाली बघितलं, कपाटाखाली हात घातला, कचऱ्याची बादली पालथी केली. सातच.

फोन वाजला.

"पोचलो दादा. आई ठीक आहे. म्हणजे..." हर्षल अडखळला. "तिच्या मुठीत एक व्हॉल्व्ह आहे. अख्ख्या वाटेत सोडला नाही. आता जेवायला बसत नाही. दांडी कुठंय विचारतेय. जयानं लाटणं दिलं तर भिरकावलं. दादा, मी काय करू? तू सांग."

स्टीफननं टेबलावरची दांडी उचलून हातात घेतली.

"दादा, आहेस का?"

"तिला म्हणावं, दांडी येतीय."

सकाळी आराधना उठली तेव्हा तो जमिनीवर बसला होता. समोर मरियमची गोधडी पसरलेली. दांडी, पेस्टचा डबा, सात व्हॉल्व्ह आणि बिस्किटाच्या पुड्याच्या पुठ्ठ्याला पाडलेली नवीन आठ भोकं. आकडे घातलेली. हेड त्यानं गोधडीच्या मधोमध ठेवलं होतं.

"पप्पा, हेडपण?"

"नुसती दांडी घिऊन काय करंल ती? कशात फिरवंल?"

"मग इंजिन?"

उठून तो घोडीपाशी गेला. हेड नसलेला ब्लॉक वर तोंड करून होता, चार चकचकीत गोल विहिरी. आईचं एक जुनं लुगडं त्यानं फाडलं, तुकडे तेलात बुडवले आणि एकेका विहिरीत दाबून भरले, गंज चढू नये म्हणून. वरून ताडपत्री टाकली. दोरीनं बांधली. गाठ अशी मारली की ती सोडायची नसते.

आराधनानं गोधडीची टोकं जुळवून दिली. त्यानं गाठोडं उचलून खांद्यावर घेतलं. जड होतं, त्याची मान तिरकी झाली.

"मी येऊ स्टँडपर्यंत?"

"नको."

दारात तो थांबला. कालच्याबद्दल दोघांत अजून एक शब्द झाला नव्हता. तिला वाटलं आता तो बोलेल, आणि काय बोलेल ते तिला माहीत होतं, आणि ते ऐकायची तिनं तयारी केली.

"तू झोप," तो म्हणाला. "दार आतून लाव अन् झोप. मी उद्या येतो. कुणी उठवायला न्हाई आता."

तिनं दार लावलं. बाहेर बराच वेळ त्याच्या चपला ऐकू येत राहिल्या, ओझ्याच्या माणसाच्या, एक पाय जड एक पाय हलका. मग त्याही गेल्या. खोलीत खर्र नव्हतं. ती ताडपत्रीशेजारी, आजीच्या जागेवर, जमिनीलाच पाठ टेकून पडली. झोप आली नाही.